गुण वाढले, पण किती ठिकाणी?

डिसेंबर २०२१ मध्ये पिंपळे गुरवमधल्या एका घराची झडती झाली आणि सुमारे ८८ लाख रुपयांची रोकड सापडली. घर महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेचे तत्कालीन आयुक्त तुकाराम सुपे यांचं होतं. शिक्षक पात्रता परीक्षेत, म्हणजे टीईटीत, पैसे घेऊन उमेदवारांना पात्र ठरवल्याच्या आरोपावरून पुणे सायबर पोलिसांनी त्यांना अटक केली होती. त्या आठवड्यात चहाच्या टपरीपासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत चर्चा झाली ती रकमेची.

तपास करणाऱ्यांपुढचा पेच वेगळाच होता. नोटा मोजता येतात. गुण कसे मोजायचे? जानेवारी २०२० मध्ये तीन लाखांहून अधिक उमेदवारांनी ही परीक्षा दिली होती आणि सोळा हजारांहून अधिक जण पात्र ठरले होते. उत्तरपत्रिका यंत्राने तपासलेल्या. त्यामुळे कुणा परीक्षकाचा हात थरथरला, कुणी लाल शाईवर लाल शाई गिरवली, असलं काही शोधायची सोयच नाही. प्रमाणपत्र पाहावं तर अभ्यास करून पास झालेल्याचं आणि पैसे भरून पास झालेल्याचं हुबेहूब सारखं. तरीही ऑगस्ट २०२२ मध्ये परिषदेने आदेश काढला आणि त्यात ७,८७४ उमेदवारांवर कारवाई झाली. पात्र ठरलेल्यांच्या संख्येच्या जवळजवळ निम्मे!

ही नावं वेगळी कशी निघाली, हे समजून घ्यायचं तर आधी एक साधी गोष्ट पाहायला हवी: परीक्षेतला गुण राहतो कुठे?

एक आकडा, अनेक नोंदी

चाकणच्या एखाद्या शाळेतल्या मुलीला दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात ८० पैकी ६१ गुण मिळाले असं धरू. हा ६१ आकडा निकालाच्या दिवशी दुपारी मोबाइलवर दिसतो, म्हणून तो तिथेच जन्मला असं वाटतं. प्रत्यक्षात तोवर त्याचा बराच प्रवास झालेला असतो.

परीक्षा केंद्रावर उत्तरपत्रिकेला बारकोड लागतो आणि मुलीची ओळख झाकली जाते. कागद कुणाचा हे परीक्षकाला कळू नये, एवढाच त्यामागचा हेतू. परीक्षक प्रत्येक प्रश्नाशेजारी गुण देतो. ते मुखपृष्ठावरच्या तक्त्यात जातात. तिथे बेरीज होते. मग गुणांची वेगळी यादी तयार होते. परीक्षकाने तपासलेल्या गठ्ठ्यातल्या काही उत्तरपत्रिका नियामक पुन्हा तपासतो. त्यानंतर आकडे विभागीय मंडळामार्फत संगणकात शिरतात, बारकोडच्या आधारे आसनक्रमांकाशी जोडले जातात, आणि शेवटी संकेतस्थळावर, शाळेकडे जाणाऱ्या निकालात, छापील गुणपत्रकात आणि डिजिलॉकरमध्ये उमटतात.

म्हणजे ६१ हा एकच आकडा किमान सहा-सात ठिकाणी लिहिलेला असतो, आणि या जागा एका माणसाच्या ताब्यात नसतात.

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पुरवठादाराकडून पाचशे सुट्या भागांचा लॉट निघाला की त्याच्या चलनावर पाचशे लिहिलेलं असतं, कंपनीच्या गेटवर इनवर्ड रजिस्टरमध्ये पाचशेची नोंद होते, गुणवत्ता तपासणीच्या कागदावर लॉट नंबरासह पाचशे येतात आणि बिलातही तेवढेच. मधल्या एखाद्याने बिलात सहाशे केले, तर बिल एकटं पाहून ते कळणार नाही. बिल गेटच्या रजिस्टरशेजारी ठेवलं की लगेच कळेल. लबाडी करणाऱ्याला सगळी कागदपत्रं बदलावी लागतात, पकडणाऱ्याला मात्र त्याच्याकडून राहून गेलेलं एकच कागदपत्र पुरतं.

गुणांच्या फेरफाराचा तपास याच तत्त्वावर चालतो. तपास अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न ‘कुणी केलं?’ हा नसतोच. तो विचारतो, ‘हा आकडा आणखी कुठेकुठे लिहिलेला आहे?’

कोऱ्या वर्तुळाची करामत

टीईटीचा पेपर १५० प्रश्नांचा, १५० गुणांचा. खुल्या गटातल्या उमेदवाराला पास व्हायला ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. शिक्षण हक्क कायद्यानंतर पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी ही परीक्षा बंधनकारक झाली. पहिली ते पाचवीसाठी एक पेपर, सहावी ते आठवीसाठी दुसरा. उत्तरं ओएमआर पत्रिकेवर, वर्तुळं काळी करून द्यायची.

ओएमआर यंत्राला अक्षर वाचता येत नाही. पत्रिकेच्या कडेला छापलेल्या काळ्या पट्ट्यांवरून ते कागदाची जागा ठरवतं, मग ठरलेल्या प्रत्येक वर्तुळावर प्रकाश टाकून किती परत येतो ते मोजतं. कोरा कागद प्रकाश परतवतो, शाई तो गिळते. एवढ्या फरकावरून ‘प्रश्न १७, पर्याय ३’ अशी नोंद तयार होते, ती उत्तरसूचीशी ताडली जाते आणि गुण पडतात. माणसाचा हात मध्ये येतच नाही, म्हणून ही पद्धत निर्दोष मानली गेली.

पण यंत्र फक्त काळं-पांढरं पाहतं. वर्तुळ कुणी आणि केव्हा काळं केलं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

पुणे पोलिसांच्या तपासातून जी पद्धत पुढे आली ती या एका फटीवर उभी होती. पैसे देणाऱ्या उमेदवारांना सांगितलं जाई: येत नसलेले प्रश्न कोरे सोडा. पुढे पत्रिका स्कॅन होण्याच्या टप्प्यावर ती वर्तुळं भरली जात. ज्यांनी कोरं सोडलं नाही किंवा ज्यांचा ‘सौदा’ उशिरा ठरला, त्यांचे गुण थेट बदलले जात; काहींना निकालानंतर गुणपडताळणीचा अर्ज करायला सांगून त्या निमित्ताने पात्र केलं जाई, असाही पोलिसांचा आरोप. परीक्षेचं काम जी. ए. सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीज या कंपनीकडे होतं आणि तिच्या संचालकालाही अटक झाली. हे सारे आरोप आहेत आणि दोष ठरवणं न्यायालयाचं काम आहे. इथे रस आहे तो पद्धतीत.

ही पद्धत महाराष्ट्राची नवी कल्पना नव्हे. मध्य प्रदेशात २०१३ मध्ये उघडकीला आलेल्या व्यापम प्रकरणातही कोऱ्या ओएमआर पत्रिका नंतर भरल्याचे आरोप झाले होते. लिहिलेलं उत्तर बदलायचं तर आधीचं खोडावं लागतं आणि खोडल्याची खूण राहते. म्हणूनच आपल्याकडे पेन्सिलऐवजी काळं किंवा निळं बॉलपेन सक्तीचं असतं. कोऱ्या जागेत मात्र आधीचं काहीच नसतं, त्यामुळे खोडायलाही काही नसतं. फेरफार करणाऱ्याला म्हणूनच कोरी जागा प्रिय.

याद्या समोरासमोर

आता पोलिसांच्या बाजूने पाहू. धागा टीईटीच्या दिशेने सुरू झालाच नव्हता. डिसेंबर २०२१ मध्ये म्हाडाच्या भरती परीक्षेचा पेपर फुटल्याच्या संशयावरून कारवाई झाली, १२ डिसेंबरची परीक्षा ऐन वेळी रद्द करावी लागली, आणि त्या तपासात त्याच कंपनीच्या संचालकाकडे टीईटीच्या उमेदवारांची प्रवेशपत्रं सापडली. दुसऱ्याच परीक्षेची प्रवेशपत्रं इथे काय करत होती? या प्रश्नातून सगळी उकल झाली.

मग सुरू झालं याद्यांचं काम. एका बाजूला परीक्षेच्या मूळ गुणांची माहिती, दुसऱ्या बाजूला जाहीर झालेली पात्र उमेदवारांची यादी. दोन्हींत आसनक्रमांक समान. संगणकाला एवढंच विचारायचं की कोणत्या ओळीत दोन्हीकडचे गुण जुळत नाहीत. हे काम चित्रपटातल्या तपासासारखं थरारक नसतं. बराचसा वेळ फाइलींचे रकाने सारखे करण्यात आणि क्रमांकांपुढची शून्यं नीट बसवण्यात जातो. पण मूळ नोंदीत नापास आणि जाहीर यादीत पास, अशी ओळ सापडली की तिला उत्तर द्यावंच लागतं.

परिषदेच्या आदेशातल्या ७,८७४ नावांचेही प्रकार होते. बहुतेक, म्हणजे सुमारे साडेसात हजार, गुण वाढवून पात्र झालेले. पण २९३ जणांची गोष्ट निराळी होती. त्यांच्याकडे प्रमाणपत्रच बनावट होतं; परिषदेच्या नोंदीत ते पात्र झालेलेच नव्हते. त्यांच्यासाठी गुण कुठे बदलायची गरजही पडली नाही, शेवटचा कागद तेवढा छापला गेला. असे लोक पकडायचा मार्ग उलटा असतो: शाळेत नोकरीला लागताना दिलेलं प्रमाणपत्र मागवायचं आणि ते मूळ नोंदीत आहे का पाहायचं. म्हणूनच प्रकरण बाहेर आल्यावर नोकरीत असलेल्या शिक्षकांकडूनही टीईटीची मूळ प्रमाणपत्रं तपासणीसाठी मागवली गेली.

इथे चाणाक्ष वाचक विचारील: कोरी वर्तुळं स्कॅन होण्याआधीच भरली असतील तर? मग पत्रिकाही खरी, स्कॅनही तेच, निकालही तोच. तिन्ही नोंदी एकमेकींशी गोडीगुलाबीने जुळतील. अशा वेळी याद्या समोरासमोर ठेवून फारसं काही हाती लागत नाही. मग तपासाला माणसांकडे वळावं लागतं. दलालाकडची नावांची यादी, मोबाइलमधले निरोप, बँकेतल्या नोंदी, प्रवेशपत्रांचे फोटो. म्हणजे लबाडांनी स्वतःच ठेवलेल्या नोंदी. पैसे कुणाकडून आले आणि कुणाचे बाकी आहेत, याचा हिशेब ठेवल्याशिवाय असा धंदा चालतच नाही, आणि तो हिशेब परिषदेच्या दप्तरापेक्षा अनेकदा चोख असतो!

संगणकातली नोंद पुरावा म्हणून वापरायची तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. हार्ड डिस्क जप्त केल्यावर पोलिसांनीच तीत काही बदललं, असं उद्या आरोपीचे वकील म्हणणार. त्यावर उपाय म्हणून जप्तीच्या वेळी त्या डिस्कचा ‘हॅश’ काढतात. हॅश म्हणजे संपूर्ण फाइलमधला प्रत्येक अंक आणि अक्षर एका ठरावीक गणितातून घालून काढलेली अक्षर-आकड्यांची एक मालिका. फाइल कितीही मोठी असो, नेहमीच्या वापरातल्या एका पद्धतीत ही मालिका ६४ चिन्हांचीच असते. लाखो गुणांच्या फाइलमध्ये एका ६१ चा ६२ केला, तरी पूर्ण मालिका बदलते. त्यामुळे दोन वर्षांनी न्यायालयात हॅश पुन्हा काढला आणि तोच आला, तर मधल्या काळात काही बदललेलं नाही. मूळ डिस्क बाजूला ठेवून तिच्या हुबेहूब प्रतीवर काम करायचं, हा या कामातला पहिला नियम.

मग येतो लॉग, म्हणजे कोणत्या लॉगिनने कोणत्या वेळी काय बदललं याची संगणकाने आपसूक ठेवलेली नोंद. तो मिळाला की काम झालं असं वाटतं, पण तसं नसतं. आपल्या कार्यालयांत पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला असतो, नाहीतर सगळ्यांना तोंडपाठ असतो. लॉगिन साहेबांचं आणि बोटं ऑपरेटरची. म्हणून लॉगमधली वेळ हजेरीपटाशी, सीसीटीव्हीशी आणि कोणत्या संगणकावरून बदल झाला त्याच्याशी ताडून पाहावी लागते. साहेब त्या दिवशी रजेवर असतील, तर गोष्ट वेगळ्या दिशेने जाते.

कागदावर राहिलेल्या खुणा

लेखी परीक्षेत यंत्राऐवजी कागद साक्ष देतो. इंग्रजी अंकांतल्या तिनाचा आठ करायला पेनाचे दोन फटकारे पुरतात. म्हणूनच महत्त्वाच्या तक्त्यांत गुण अक्षरीही लिहायची पद्धत आहे. ‘तेहेतीस’चं ‘त्र्याऐंशी’ करणं काही फटकाऱ्यांचं काम नाही.

दस्तऐवज तपासणारा तज्ज्ञ अशा कागदावर वेगवेगळा प्रकाश टाकून पाहतो. दोन निळ्या शाया आपल्या डोळ्यांना सारख्या दिसल्या, तरी त्यांतली रंगद्रव्यं वेगळी असू शकतात. अवरक्त प्रकाशात एक शाई काळी राहते आणि दुसरी चक्क दिसेनाशी होते. मग आठाची डावी बाजू गायब होऊन मूळचा तीन उघडा पडतो. कागदाच्या अगदी कडेने तिरपा प्रकाश टाकला, की खरवडलेल्या जागेचे तंतू उभे दिसतात आणि पेनाच्या दाबाने खालच्या पानावर उमटलेले वळ दिसतात. वरचं पान फाडून टाकलं तरी खालचं सांगून जातं. या तपासाला मर्यादाही आहेत. दोन्ही वेळा तेच पेन वापरलं असेल, तर शाईतून काही हाती लागत नाही. आणि फेरफार झाला हे तज्ज्ञ सांगू शकतो. कुणाच्या सांगण्यावरून झाला, हे सांगू शकत नाही.

हा फरक महाराष्ट्राने एकदा फार मोठ्या पातळीवर पाहिला आहे. १९८५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या एमडी परीक्षेत तत्कालीन मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्या कन्येच्या निकालात फेरफार झाल्याचा आरोप करत डॉ. महेश गोसावी उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाच्या ताशेऱ्यांनंतर मार्च १९८६ मध्ये मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर वाद अपिलात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि तिथे कीस पडला तो मुख्यत्वे याचाच, की कागदावरच्या बदलाचा धागा मुख्यमंत्र्यांपर्यंत नेता येतो की नाही. कागद सापडणं आणि हात सापडणं यांत असं अंतर असतं.

हस्ताक्षरातून उघडकीला आलेलं अलीकडचं उदाहरण २०२३ चं. छत्रपती संभाजीनगर विभागात बारावीच्या भौतिकशास्त्राच्या ३७२ उत्तरपत्रिकांत दोन प्रकारची अक्षरं आढळली. विद्यार्थ्याने सोडलेल्या जागेत कुणी दुसऱ्यानेच उत्तरं लिहिली होती. तपासणीच्या साखळीत ही गोष्ट लक्षात आली, मंडळाने विद्यार्थ्यांना बोलावून विचारणा केली, आणि पुढे दोन शिक्षकांवर गुन्हा दाखल झाला. यात कोणत्याही तज्ज्ञाची गरज पडण्याआधी एका जागरूक डोळ्याने काम केलं होतं. संध्याकाळी गठ्ठा संपवायच्या घाईतला परीक्षक अक्षराकडे पाहत नाही. गुणांच्या तक्त्याकडे पाहतो. ज्याने अक्षराकडे पाहिलं त्याचं कौतुक व्हायला हवं होतं, पण अशा बातम्यांत ते नाव कधी येत नाही.

मे २०१६ मधलं मुंबईचं प्रकरण याहून धाडसी. भांडुप पोलिसांनी मुंबई विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांसह काही जणांना अटक केली. अभियांत्रिकीच्या तपासायच्या राहिलेल्या उत्तरपत्रिका बाहेर आणायच्या, विद्यार्थ्याने कोऱ्या सोडलेल्या पानांवर त्याच्याकडूनच निवांत उत्तरं लिहून घ्यायची आणि त्या परत नेऊन ठेवायच्या, असा तो आरोप होता. अक्षर विद्यार्थ्याचंच, गुण देणारा परीक्षक प्रामाणिक, गुणपत्रक अस्सल! इथे फेरफार गुणांच्या जन्माआधीच झालेला. पुन्हा तीच कोरी जागा. परीक्षा संपल्यावर उरलेल्या पानांवर तिरपी रेघ मारण्याचा नियम अनेकांना निव्वळ सोपस्कार वाटतो. तो का आहे, ते या प्रकरणावरून कळतं.

आकड्यांची संशयास्पद चाल

कधी कधी कागदही हातात नसतो आणि लॉगही नसतो. फक्त निकाल असतो. त्यातूनही काही वाचता येतं.

शिकागोच्या सरकारी प्राथमिक शाळांच्या निकालांवर ब्रायन जेकब आणि स्टीव्हन लेव्हिट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये असं काम प्रसिद्ध केलं. त्यांनी दोन गोष्टी शोधल्या. एक, वर्गाचे गुण एका वर्षी अचानक उसळून पुढच्या वर्षी, शिक्षक बदलल्यावर, पुन्हा कोसळतात का? दुसरी, एकाच वर्गातल्या अनेक मुलांनी सलग पाच-सहा प्रश्नांना नेमकी तीच उत्तरं दिली आहेत का, विशेषतः अवघड प्रश्नांना? शिक्षकाने घाईघाईत गठ्ठा दुरुस्त केला असेल, तर तो प्रत्येक मुलासाठी निराळी उत्तरं भरत बसत नाही. त्यांच्या अंदाजानुसार दरवर्षी किमान चार ते पाच टक्के वर्गांत अशी गडबड होत होती. संशयित वर्गांची पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा गुण घसरले.

अटलांटा शहरात पेन्सिलने वर्तुळं भरत. तिथे यंत्राकडून खोडलेल्या जागा मोजून घेतल्या गेल्या. मूल स्वतः उत्तर बदलतं तेव्हा कधी चुकीचं बरोबर होतं, कधी बरोबरचं चुकीचं. काही वर्गांत मात्र जवळपास सगळे बदल चुकीकडून बरोबरकडे गेलेले. २०११ च्या चौकशी अहवालात ४४ शाळांत गैरप्रकार आढळला, १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली आणि २०१५ मध्ये अकरा जण दोषी ठरले.

पण या वाटेने जाताना एक धडा लक्षात ठेवावा लागतो, आणि तो भारतातलाच आहे. २०१३ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्याने आयसीएसईचे निकाल संकेतस्थळावरून गोळा करून आलेख काढला. ८१, ८२, ८४, ८५, ८७ असे कितीतरी गुण देशभरात कुणालाच मिळाले नव्हते! घोटाळा म्हणून बोंब झाली. असे खड्डे पडण्याचं एक निरुपद्रवी कारण मात्र असू शकतं: कठीण-सोप्या पेपरांतली तफावत भरून काढायला मंडळं गुणांची पट्टी वर सरकवतात, तिला मॉडरेशन म्हणतात, आणि सरकवताना मधले आकडे वगळले जातात. आपल्याकडे ३५ गुणांपाशी जमणारी गर्दीही अशीच. सवलतीच्या गुणांनी ३२ आणि ३३ वाले तिथे येऊन थांबतात. त्यात खेळाचे आणि चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचे वाढीव गुण मिळवले, की उत्तरपत्रिकेतला आणि गुणपत्रकातला आकडा कायदेशीररीत्याच वेगळा निघतो.

चौकट: फेरफार की चूक?

उत्तरपत्रिकेच्या आतले गुण आणि मुखपृष्ठावरची बेरीज जुळत नाही: बहुधा बेरजेची चूक.

उत्तरपत्रिका आणि गुणपत्रक यांत दोन आकड्यांची अदलाबदल, म्हणजे ४७ ऐवजी ७४: संगणकात भरतानाची चूक असू शकते, शेजारच्या क्रमांकांवरही तसंच झालं आहे का, ते पाहतात.

एकाच आसनक्रमांकावर, नेमके पास होण्यापुरते गुण वाढलेले आणि सवलतीच्या गुणांची नोंद नाही: संशय.

बऱ्याच आसनक्रमांकांवर असं झालेलं, आणि ते उमेदवार एकाच दलालाच्या यादीत: गुन्ह्याचा तपास.

जिथे दुसरी नोंदच नसते

आतापर्यंतची सगळी युक्ती दुसरी नोंद असण्यावर चालते. शाळेतल्या अंतर्गत गुणांना नेमकी तीच नसते. दहावीच्या भाषा विषयांत ८० गुण मंडळाच्या लेखी परीक्षेचे आणि २० शाळेचे. तोंडी परीक्षा, श्रवण, स्वाध्याय यांचे हे वीस गुण शाळा देते, शाळाच लिहिते आणि शाळाच कळवते. तोंडी परीक्षेत मूल काय बोललं, याचा कागद नसतो. मग वर्गात जेमतेम वाचणाऱ्यालाही १८ आणि पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीलाही १९, असे निकाल दिसतात. याला फेरफार म्हणता येत नाही, कारण बदलायला आधीचा आकडाच नसतो. लबाडी असलीच तर ती पहिल्याच नोंदीत असते.

२०२१ मध्ये कोरोनामुळे दहावीची लेखी परीक्षा झाली नाही आणि राज्याचा संपूर्ण निकाल या प्रकारच्या गुणांवर लागला: नववीच्या निकालाचे ५० गुण, दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ३०, तोंडी-प्रात्यक्षिकाचे २०. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली निकाल समिती नेमली गेली. निकाल ९९.९५ टक्के लागला आणि ९५७ मुलांना शंभर टक्के मिळाले. तेव्हा शंका घेणाऱ्याला एकच आधार उरत होता, तो म्हणजे नववीचा जुना निकाल. तो आधीच्या वर्षीच, पुढे त्याचा असा उपयोग होणार हे कुणाच्या ध्यानीमनी नसताना लिहिला गेला होता. तपासाच्या दृष्टीने अशा नोंदीची किंमत मोठी. ज्याला पुढचं ठाऊक नव्हतं, त्याने खोटं लिहायचं कारणही नसतं.

शाळेतल्या गुणांबद्दल तक्रार आली, तर चौकशी करणारे शिक्षणाधिकारी म्हणूनच आधी शाळेबाहेर पडलेल्या किंवा जुन्या होऊन बसलेल्या नोंदी शोधतात: वर्षभरातल्या चाचण्यांच्या मुलांकडे परत गेलेल्या उत्तरपत्रिका, पालकांची सही झालेलं प्रगतिपुस्तक, हजेरीपट. ज्या दिवशी तोंडी परीक्षा झाली असं दाखवलं आहे त्या दिवशी ते मूल गैरहजर असेल, तर बोलण्यासारखं बरंच काही निघतं.

उत्तरपत्रिका मागण्याचा हक्क

या साखळीत पालक-विद्यार्थ्यांच्या हाती एक कडी आहे आणि ती फार जुनी नाही. तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याला पाहायला मिळावी की नाही, यावर मंडळं वर्षानुवर्षं नकार देत होती. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात निकाल दिला, की माहितीच्या अधिकाराखाली विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते.

राज्य मंडळात आता निकालानंतर ठरावीक मुदतीत गुणपडताळणीसाठी आणि छायाप्रतीसाठी अर्ज करता येतो. दोन्हींत फरक आहे. गुणपडताळणीत मंडळच पाहतं, की सगळ्या प्रश्नांना गुण दिले का आणि बेरीज बरोबर आहे का. छायाप्रतीत कागद तुमच्या हातात येतो. पुनर्मूल्यांकन, म्हणजे उत्तर पुन्हा तपासून घेणं, हवं असेल तर आधी छायाप्रत घ्यावीच लागते आणि ती मिळाल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत अर्ज करावा लागतो. बरेच पालक कमी खर्चाच्या गुणपडताळणीवर थांबतात आणि ‘बदल नाही’ एवढं उत्तर आलं की गप्प बसतात. संशय फेरफाराचा असेल तर छायाप्रतच घ्यावी. तीत अक्षर दिसतं, खाडाखोड दिसते, आणि आपण लिहिलेलं पान जागेवर आहे का, हेही कळतं. घाई मात्र करावी, कारण उत्तरपत्रिका ठरावीक काळच जपल्या जातात. नंतर त्या रद्दीत जातात आणि दुसरी नोंद कायमची संपते.

ओएमआर परीक्षांत अनेक ठिकाणी आता पत्रिकेची प्रत उमेदवाराला घरी नेता येते किंवा स्कॅन केलेली प्रतिमा संकेतस्थळावर पाहता येते. राजस्थानने भरती परीक्षांत आणखी एक पाऊल टाकलं. तिथे चार पर्यायांपुढे पाचवं वर्तुळ छापतात: ‘प्रश्न सोडवलेला नाही’. उत्तर येत नसेल तर ते काळं करायचं. दहा टक्क्यांहून जास्त प्रश्नांत एकही वर्तुळ न भरणारा उमेदवार अपात्र ठरतो. कोऱ्या जागेवर चालणाऱ्या धंद्यावर हा अगदी साधा, जवळजवळ फुकटचा उपाय आहे.

महाराष्ट्राला त्याची गरज वाढलेली आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या, आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली. ज्यांनी वीस-वीस वर्षं शिकवलं, त्यांची नोकरीही आता त्या १५० वर्तुळांवर अवलंबून आहे.